खाल्लेलं पान काय सांगतं

पान खाल्लेलं दिसलं की हात आधी फवाऱ्याकडे जातो. तो थोडा वेळ आवरावा आणि पान हातात घ्यावं. भोक कडेला आहे की मधोमध? कड गुळगुळीत आहे की ओरबाडल्यासारखी? शिरा शिल्लक आहेत की त्याही गेल्या? एका बाजूचा पातळ पापुद्रा तसाच राहिलाय का? खाणारा बहुतेक वेळा समोर नसतो. तो रात्री येऊन गेलेला असतो, नाहीतर त्याच फांदीला देठासारखा चिकटून बसलेला असतो आणि नजरेतून सुटतो. पण प्रत्येकाचं तोंड वेगळं, खाण्याची रीत वेगळी, आणि ती रीत पानावर जशीच्या तशी उमटते. फुलझाडांवरच्या फवारण्या वाया जातात त्या औषध वाईट असतं म्हणून क्वचितच. औषध चांगलंच असतं, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी किडीचं असतं.

सुरुवात करावी ती कुणीच न खाल्लेल्या भोकांपासून. बुरशीच्या रोगात पानावर आधी तपकिरी ठिपका पडतो, मग तो वाळून गळून जातो आणि गोल भोक राहतं. अशा भोकाभोवती तपकिरी किंवा पिवळी कड दिसते, आणि शेजारी न गळालेले ठिपकेही असतातच. किडीने खाल्लेल्या ताज्या भोकाची कड हिरवी असते. दुसरा फसवा प्रकार रस शोषणाऱ्या ढेकण्यांचा. पान अजून कळीत घडी घालून बसलेलं असताना ढेकण्या त्याला सोंड टोचतो, टोचलेली जागा मरते, आणि पान उलगडून मोठं होताना नेमकं तिथेच फाटतं. शेंड्याची नवी पानं वेडीवाकडी आणि चिंध्या झालेली, पण जुनी पानं धड, असं दिसलं तर अळी शोधत बसू नये. अळीचं कुठलंही औषध तिथे उपयोगाचं नाही.

तिसरी खूण ज्याला ओळखता येते त्याच्या बागेत एक चांगला पाहुणा जगतो. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला जणू कंपासने आखून कात्रीने कापलेले अर्धगोल दिसतात. गोलाई इतकी नितळ, की अळीच्या जबड्याला ते काम जमणारच नाही. हे पान कुणी खाल्लेलं नसतं, ते नेलेलं असतं. पानकापी मधमाशी पानाच्या कडेवर बसते, जबड्याने काही सेकंदांत गोल तुकडा कापते आणि पायांत धरून उडून जाते. एखाद्या पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात ती या तुकड्यांच्या छोट्या कुप्या रचते, प्रत्येक कुपीत पराग आणि मध ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि वरून गोल तुकड्याचं झाकण लावते. परागीभवनाच्या कामात ही माशी फार तरबेज असते. तिच्यासाठी काहीही करायचं नाही. फवारणी तर नाहीच, आणि तसंही पान ती खात नसल्यामुळे पोटात जाऊन काम करणारं औषध तिथे निरर्थक ठरतं.

आता खरे खाणारे. त्यांना शोधायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे लेंड्या. अळी जेवढं खाते त्यातलं बरंचसं लगेच बाहेर टाकते, आणि त्या लेंड्या खालच्या पानांवर, कुंडीच्या मातीवर, फरशीवर पडतात. ओल्या, हिरवट लेंड्या म्हणजे अळी अजून वरच आहे. काळ्या आणि कोरड्या म्हणजे कालची गोष्ट. संध्याकाळी झाडाखाली पांढरा कागद किंवा जुनी चादर अंथरून ठेवावी आणि सकाळी लेंड्या जिथे जास्त पडल्या असतील त्याच्या बरोबर वर पाहावं. आधी पानाची खालची बाजू, मग देठ, मग खोडाचा सावलीतला भाग. मोठ्या अळ्या, विशेषतः शेपटावर शिंग असणाऱ्या पतंगांच्या, अशा शोधल्याशिवाय सापडतच नाहीत. तगर, कण्हेर आणि सदाफुलीवर येणारी हिरवी अळी सात-आठ सेंटीमीटर लांब होते. डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके, इतकी ठळक खूण. तरी माणूस झाडासमोर उभा राहून तिच्याकडेच बघत असतो आणि ती दिसत नाही. अशा वेळी अंधार पडल्यावर अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च फिरवून पाहावा. या जातीच्या बऱ्याच अळ्या त्या उजेडात पानांपेक्षा वेगळ्या, फिकट हिरव्या चमकतात.

लेंड्याही नाहीत आणि अळीही नाही, पण मातीवर, कुंडीच्या काठावर वाळलेल्या चिकाची चकचकीत रेघ आहे, तर ती गोगलगाय. पानं दिवसा धड असतात आणि सकाळी चाळण झालेली दिसतात, रेघ नाही, लेंड्याही फारशा नाहीत, तर रात्री उडत येणारे भुंगेरे. पानाच्या कडेपासून आत मोठमोठे वेडेवाकडे लचके तोडलेले आणि जवळ गवत वाढलेलं, तर नाकतोडे. टाचणीने टोचल्यासारखी शेकडो बारीक भोकं, आणि हात लावताच टुणकन उडणारे काळे ठिपके, तर पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक भुंगेरे. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला टॉर्च घेऊन पाच मिनिटं झाडाजवळ उभं राहिलं तर निम्म्याहून अधिक कोडी तिथेच सुटतात.

अळ्यांमध्ये एक अळी अशी आहे की तिचा पहिला आठवडा ओळखता आला तर पुढचा महिना वाचतो. तंबाखूवरची पानं खाणारी अळी असं तिचं शेतीतलं नाव, पण गुलाब, झेंडू, शेवंती, डेलिया, जरबेरा, कशालाही तिची ना नसते. मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूला दोनशे-तीनशे अंडी एका पुंजक्यात घालते आणि स्वतःच्या पोटावरचे भुरे केस त्यावर चिकटवते. पान उलटं केलं तर वाटाण्याएवढा मळकट कापूस चिकटल्यासारखा दिसतो. तीन ते पाच दिवसांत त्यातून धाग्याएवढ्या अळ्या निघतात. त्या पांगत नाहीत. एकाच पानाच्या खालच्या अंगाला खांद्याला खांदा लावून बसतात आणि हिरवा गर खरवडतात. वरचा पापुद्रा आणि शिरा उरतात, पान लांबून पांढुरकं, कागदासारखं दिसू लागतं. सगळ्या हिरव्या झाडात असं एकच फिकट पान. तो क्षण पकडायचा असतो. ते पान सावकाश, हलू न देता, कात्रीने कापून थेट साबणाच्या पाण्यात टाकलं की दोन-अडीचशे अळ्या एका झटक्यात गेल्या. झटका बसला तर अळ्या धाग्यावरून खाली लोंबकळतात आणि पांगतात, म्हणून आधी पानाखाली डबा धरावा आणि मग कात्री लावावी. चार-पाच दिवस उशीर झाला की त्या झाडभर होतात, दिवसा मातीत किंवा पाचोळ्याखाली दडतात, रात्री वर चढतात, आणि मग फवारणी करूनही हाती काही लागत नाही, कारण दिवसा फवारलं तेव्हा त्या पानावर नव्हत्याच.

अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्याचा फार मोठा वाटा ती शेवटच्या दोन अवस्थांत खाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात नुकसान इतकं किरकोळ दिसतं की कुणी लक्ष देत नाही, आणि नंतर दोन रात्रींत झाड खराटा होतं. 'काल तर काहीच नव्हतं' असं जे म्हटलं जातं, ते खरं नसतं. काल बारीक भोकं होती.

गुलाबाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नीट पाहायला हवी. गुलाबाच्या पानावरची प्रत्येक हिरवी अळी ही पतंगाची अळी नसते. सॉफ्लाय, म्हणजे करवतमाशी, ही गांधीलमाशीच्या कुळातली. तिची पिल्लं हुबेहूब अळीसारखी दिसतात. फरक पायांत आहे आणि तो साध्या भिंगातून दिसतो. दोघींनाही डोक्याजवळ खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात. त्यामागे पोटाखाली मऊ, मांसल आधारपाय असतात, आणि मोजायचे ते हेच. पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या अळीला आधारपायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, चार मध्ये आणि एक अगदी शेपटाला. उंट अळीला त्याहून कमी असतात, म्हणूनच ती पाठीची कमान करत चालते. करवतमाशीच्या पिल्लाला सहा किंवा त्याहून जास्त जोड्या असतात, जवळजवळ सगळ्या पोटाला पाय फुटल्यासारखे. शिवाय तिच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच टपोरा काळा डोळा दिसतो, तर अळीला बारीक ठिपक्यांसारखे अनेक डोळे असतात. काही जातींची पिल्लं डिवचली की शेपूट उचलून इंग्रजी एससारखी वळतात. पानाच्या कडेला रांगेने बसलेली अशी वळवळती शेपटं दिसली तर मोजायचीही गरज नाही.

हे पाय मोजायचे कशाला, असं वाटेल. कारण बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूची कुर्स्टाकी जात पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर उत्तम चालते, पण करवतमाशीच्या पिल्लांवर आणि भुंगेऱ्यांवर तिचा परिणाम होत नाही. गुलाबावर तीन वेळा बीटी मारूनही पानं जाळीदारच होत राहिली तर दोष औषधाचा नसतो. तिथे हाताने वेचणं, पानाच्या खालून निंबोळी तेलाची फवारणी, आणि फारच वाढलं तर स्पिनोसॅड हे कीटकनाशक, हे उपाय. काही करवतमाश्या कोवळ्या फांदीला चीर पाडून तिच्यात अंडी घालतात आणि ती चीर पुढे उसवलेल्या शिवणीसारखी दिसते. अशी फांदी चिरेच्या खालून छाटून टाकावी.

बीटीचं काम कसं चालतं ते कळलं की वापरताना चुका होत नाहीत. जपानमध्ये १९०१ साली शिगेताने इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांच्या एका रोगात हा जीवाणू सापडला. १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया भागात एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत पुन्हा सापडला आणि त्या प्रदेशावरून त्याला नाव मिळालं. हा जीवाणू प्रथिनाचे सूक्ष्म स्फटिक तयार करतो. अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी असतो, त्यात ते स्फटिक विरघळतात आणि आतड्याच्या पेशींना भोकं पाडतात. अळी काही तासांतच खाणं सोडते आणि दोन-तीन दिवसांनी मरते. म्हणजे पहिली गोष्ट, हे औषध अंगावर पडून नव्हे, पोटात जाऊन काम करतं. पानाच्या ज्या बाजूला अळी खाते ती बाजू भिजलीच पाहिजे. दुसरी, फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून पुन्हा मारायचं नाही, नवं भोक पडतंय का ते पाहायचं. तिसरी, उन्हाने हे प्रथिन लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळीच फवारावं. आणि चौथी, लहान अळी सहज मरते, बोटाएवढी अळी बऱ्याचदा तगून जाते. पावडर स्वरूपात साधारण १ ते २ ग्रॅम प्रति लिटर पाणी असं प्रमाण असतं, पण उत्पादनागणिक ताकद बदलते, तेव्हा डब्यावर छापलेलंच प्रमाण धरावं. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवावं. पाच-सात दिवसांनी, किंवा जोराचा पाऊस झाल्यास लगेच, पुन्हा एकदा फवारावं. माणसाला, पाळीव प्राण्यांना आणि मधमाश्यांना ते बाधत नाही, म्हणून फुलझाडांवर अळीसाठी माझी पहिली पसंती हीच.

एक इशारा मात्र आहे. बीटीला नकोशी अळी आणि हवंहवंसं फुलपाखरू यांतला फरक कळत नाही. कृष्णकमळाच्या वेलीवरच्या काटेरी, तपकिरी अळ्यांची पुढे नारिंगी फुलपाखरं होणार असतात. तिथे फवारा न नेणंच बरं.

निंबोळीबद्दल इतकं बोललं जातं की तिच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा सगळीकडे हिरवं संपलं आणि कडुनिंबाची झाडं तेवढी तशीच राहिली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिलं आणि तिथून या झाडाचा कसून अभ्यास सुरू झाला. त्यातलं मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. ते किडीला जागच्या जागी मारत नाही. पान बेचव करतं, खाण्यावरची वासना उडवतं आणि लहान अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. त्यामुळे त्याचा उपयोग आधीपासून, नियमित, लहान अळ्यांवर करायचा असतो. भरल्या झाडावर मोठ्या अळ्या असताना ते फवारून सकाळी मेलेल्या अळ्या शोधू नयेत.

तेलाची फवारणी बिघडते ती जवळजवळ नेहमी कालवताना. तेल आणि पाणी एकत्र होत नाहीत, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. १ लिटरसाठी आधी पाव लिटर कोमट पाण्यात १ ते २ मिली सौम्य द्रवरूप साबण मिसळावा. त्यात ५ मिली थंड दाबाने काढलेलं निंबोळी तेल थेंबाथेंबाने घालत बाटली जोरात हलवावी. पाणी दुधासारखं पांढरट व्हायला हवं. वर सोनेरी तवंग तरंगत असेल तर ते मिसळलेलं नाही, आणि तसंच फवारलं तर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी निव्वळ तेल पानावर पडतं. पानं करपतात ती त्या शेवटच्या फवाऱ्याने. मग उरलेलं पाणी घालून लिटर पुरा करावा, फवारताना दर दोन मिनिटांनी बाटली हलवावी आणि दोन-तीन तासांत संपवावी. चमच्याच्या अंदाजाने तेल घेऊ नये. सुई काढलेली सिरिंज दहा चमच्यांपेक्षा भरवशाची. पहिल्यांदा वापरताना दोन-चार पानांवर मारून एक दिवस वाट पाहावी. भर उन्हात, कडक उष्म्यात किंवा तहानलेल्या, मलूल झाडावर मारू नये. झाडाला सकाळी पाणी द्यावं, संध्याकाळी फवारावं. पान सगळीकडून ओलं दिसावं, पण थेंब गळू लागण्याआधी थांबावं. दर सात ते दहा दिवसांनी परत, आणि कोवळी पालवी फुटत असेल तर ती पालवी चुकवू नये, कारण मागच्या वेळी ती नव्हतीच.

तेलाऐवजी निंबोळी अर्क करायचा तर प्रमाण सोपं. वाळलेल्या निंबोळ्यांची भरड ५० ग्रॅम प्रति लिटर. ती फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी पुरचुंडी पुन्हा पुन्हा पिळून सगळा अर्क उतरवावा, दुहेरी कापडातून गाळावा आणि लिटरमागे २ ग्रॅम साबण घालून त्याच संध्याकाळी फवारावा. नीट गाळलं नाही तर पहिल्या दोन मिनिटांत नोझल चोंदतं. बुरशी आलेल्या किंवा वर्षाहून जुन्या निंबोळ्या घेऊ नयेत, त्यांतला कस गेलेला असतो.

लसूण-मिरचीच्या पाण्याने वास बदलतो, एखाद-दोन दिवस कीड बिचकते, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. तंबाखूचा काढा तर करूच नये. निकोटीन हे माणसालाही जहाल विष आहे, ते त्वचेतून शरीरात शिरतं, आणि तंबाखूवरचा मोझाइक विषाणू त्या काढ्याबरोबर पेटुनियासारख्या झाडांवर पोचू शकतो. कपड्यांची धुण्याची पावडरही नको. ती पानावरचा मेणाचा थर धुऊन काढते आणि पान उघडं पडतं. साबणाच्या पाण्याने मावा मरतो, पण जाड कातडीच्या अळीला त्याने फारसं काही होत नाही.

तीव्र, सगळंच मारणारी कीटकनाशकं फुलझाडांवर नकोत असं मी ठामपणे म्हणेन, आणि त्याचं कारण निव्वळ भावना नाही. अशा फवारणीत अळीबरोबर कोळी, ढालकिडे आणि परोपजीवी माश्याही मरतात. मग दोन-तीन आठवड्यांत त्याच झाडावर लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, इतका माजतो की पानं तांबूस पडून जाळ्यांनी भरतात, कारण त्याला खाणारं कुणी उरलेलं नसतं. मुळांतून शोषली जाणारी औषधं तर फुलातल्या मधात आणि परागात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या अशाच औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. फूल ही कीटकांना बोलावण्याचीच जागा. तिथे विष ठेवणं मनाला पटत नाही. स्पिनोसॅड त्यातल्या त्यात सौम्य, पण तेही ओलं असताना मधमाशीला मारक असतं. त्यामुळे सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर, आणि उमललेली फुलं वगळूनच ते वापरावं.

थोड्या झाडांसाठी हाताने वेचण्याला तोड नाही. एका डब्यात तीन-चार बोटं पाणी, त्यात द्रवरूप साबणाचे काही थेंब. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि किडा तरंगत राहत नाही, बुडतो. हातमोजे घालावेत, केसाळ अळीला तर उघड्या हाताने कधीच शिवू नये. तिचे केस त्वचेत रुततात आणि दोन दिवस आग होते. लिलीवरच्या काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि तांबड्या डागांच्या अळ्या घोळक्याने राहतात, दोन-तीन दिवसांत पात्याचा बुडखा उरतो. त्या चिमट्याने वेचायला अगदी सोप्या, कारण लपतच नाहीत. वेचून झाल्यावर झाडाभोवतीची माती पाच-सात सेंटीमीटर खुरप्याने हलवावी. कोष तिथे असतात. ते वर आले की पक्षी आणि मुंग्या पुढचं बघतात.

पानाची सुरळी करून आत बसणारी जास्वंदीवरची अळी आणि मोगऱ्याची पानं धाग्यांनी जोडून आतून खरवडणारी अळी, या दोघींपर्यंत फवारा पोचत नाही. सुरळी दोन बोटांत दाबायची, झालं. शेवंती-झेंडूच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा काढणारी नागअळी तर पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधेच राहते. रेघेच्या जाड टोकाला ती असते, तिथे नखाने दाबावं आणि फार झालेली पानं तोडून टाकावीत.

भुंगेऱ्यांची एक खोड आपल्या कामाची आहे. फांदी हलली की ते पाय आखडून खाली पडतात. रात्री टॉर्चच्या उजेडात किंवा गारठ्यात सुस्तावलेले असताना पहाटे, फांदीखाली साबणाच्या पाण्याचं पसरट घमेलं धरून फांदीवर टिचकी मारायची. जिथे पावसाचा ठरलेला हंगाम असतो तिथे जमीन पहिल्यांदा चांगली भिजली की हुमणीचे भुंगेरे एकदम बाहेर पडतात, तेव्हा सलग आठ-दहा रात्री हे काम करावं लागतं. अमेरिकेत १९१६ मध्ये न्यू जर्सीत पहिल्यांदा आढळलेल्या जपानी भुंगेऱ्यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी गुलाब लावणाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. कुरतडलेल्या पानांतून सुटणारा वास आणखी भुंगेऱ्यांना बोलावतो, म्हणून पहिले चार वेचण्याला किंमत आहे. आणि वासाचे सापळे झाडाजवळ टांगले तर पकडले जातात त्याहून जास्त भुंगेरे तिथे जमतात.

गोगलगाईंसाठी अंड्याची टरफलं, राख, तांब्याची पट्टी यांची शिफारस सगळीकडे होते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये तांब्याची पट्टी, खडी, झाडाच्या सालीचं आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्याची टरफलं यांची चाचणी घेतली, तेव्हा संरक्षण न दिलेल्या रोपांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. त्यापेक्षा पाणी द्यायची वेळ बदलावी. संध्याकाळी भिजवलेली माती रात्रभर ओली राहते आणि गोगलगाईची वाट सोपी होते. सकाळी पाणी दिलं तर रात्री वरचा थर कोरडा असतो. ओलं पोतं किंवा फळी रात्री जमिनीवर ठेवावी, सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगाई चिमट्याने गोळा कराव्यात. हात लावू नये, त्यांच्या अंगात माणसाला घातक सूक्ष्म जंत असू शकतात. मीठ टाकू नये, त्याने माती नासते. आमिषच लागलं तर लोहाच्या फॉस्फेटचं घ्यावं, दाणे विरळ पसरावेत, ढीग करू नये. मेटाल्डिहाइडचं आमिष कुत्र्याने खाल्लं तर त्याचा जीव जाऊ शकतो.

वेचताना कधी अळीच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसतात. ती अळी डब्यात टाकू नये. ती तिची अंडी नव्हेत, तर तिला आतून खाऊन बाहेर आलेल्या इवल्या परोपजीवी माश्यांचे कोष आहेत. अळीचं खाणं थांबलेलंच असतं. त्या पानाला तसंच राहू दिलं तर काही दिवसांत बारीक माश्या बाहेर पडतात आणि पुढच्या अळ्या त्याच शोधतात, तेही आपल्याला न दिसणाऱ्या पानांवरच्या. कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाश्याही अळ्यांचे तुकडे करून पिल्लांना नेतात. वाटेत नसलेलं त्यांचं पोळं राहू द्यावं.

मुरलेलं, निरोगी झाड पाव भाग पानं गेली तरी फुलतं. रोप मात्र तसं नसतं. चार पानांच्या झेंडूची दोन पानं म्हणजे निम्मं आयुष्य, आणि शेंडा खाल्ला तर सगळंच संपलं. म्हणून रोपांवर पहिले तीन आठवडे बारीक जाळी घालावी, कडा मातीत दाबून, आणि मोठ्या झाडांना सवड द्यावी. खाल्लेल्या झाडाला घाईने भरपूर नत्र घालू नये, त्याने लुसलुशीत पालवी फुटते आणि किडीला तीच आवडते.

खाल्लेलं पान पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे जुन्या भोकांवरून कळत नाही, आणि पुष्कळदा केवळ तीच भोकं पाहून पुन्हा पुन्हा फवारलं जातं. फवारल्या दिवशी वरची तीन-चार धड पानं निवडावीत आणि त्यांच्या देठांना रंगीत दोरा सैल बांधावा. चौथ्या दिवशी फक्त ती पानं उलटसुलट करून पाहावीत. ती धड असतील तर फवारा जागेवर ठेवून द्यावा. त्यांच्यावर नवं भोक असेल तर रात्री टॉर्च घेऊन त्याच झाडापाशी पुन्हा उभं राहावं.